उपकेंद्रावर रुजू होताना: माणूस पुरता बघा, ओझं एकटीनं उचलू नका

बी.एस्सी. नर्सिंगचा निकाल लागला की मराठवाड्यात घरचे दोनच रस्ते सांगतात: कुठंतरी सरकारीत चिकट, नाहीतर गल्फची परीक्षा दे. माझ्या वडिलांनी तिसराही सांगितला होता, लग्नाचा. मी उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे सगळे म्हणतात ती सीएचओ, म्हणून रुजू झाले. अजून तिथंच आहे, धाराशिव आणि बीडच्या शिवेवर. दरवर्षी नवी बॅच येते आणि फोनवर तेच विचारते. पगार किती? काम काय? आणि साधारण सहा महिन्यांनी, जरा हळू आवाजात: "ताई, तुम्हाला पण असं होतं का, की सकाळी कुलूप उघडावंसंच वाटत नाही?" पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं लवकर उरकते. तिसऱ्याला वेळ लागेल.

आधी नावाचा घोळ मिटवू

'नर्स प्रॅक्टिशनर' हा शब्द आपल्याकडं यूट्यूबवरून अमेरिकेतल्या पगारासकट येतो, म्हणून घोळ होतो. तिकडं हे पद १९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात सुरू झालं. लोरेटा फोर्ड या नर्स आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ, या दोघांनी तो अभ्यासक्रम काढला. कारण अगदी आपल्याकडचंच होतं: खेड्यापाड्यातल्या लेकरांपर्यंत डॉक्टर पोचत नव्हता. फोर्डबाई जानेवारी २०२५ मध्ये गेल्या, वयाच्या १०४ व्या वर्षी. आज तिथली नर्स प्रॅक्टिशनर तपासते, निदान करते, औषध लिहून देते. निम्म्याहून जास्त राज्यांत तर डॉक्टरच्या देखरेखीशिवाय. पण तिथं पोचायला आधी एनसीएलईएक्स ही तिकडची परवान्याची परीक्षा देऊन नोंदणीकृत नर्स व्हावं लागतं, मग मास्टर्स किंवा डॉक्टरेट, मग प्रमाणपत्राची वेगळी परीक्षा. इथली पदवी घेऊन थेट तिकडं हे पद मिळतं असं सांगणारा एजंट भेटला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

आपल्या देशात या नावाच्या दोन वाटा आहेत. एक म्हणजे इंडियन नर्सिंग कौन्सिलचा क्रिटिकल केअरमधला नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रम. दोन वर्षांचा, निवासी, पदव्युत्तर. बी.एस्सी. नंतर किमान एक वर्ष काम केलेलं लागतं, शक्यतो आयसीयूत. ज्यांना मशिन, मॉनिटर आणि नाइट ड्युटी मानवते त्यांच्यासाठी ही चांगली वाट, पण फी भरण्याआधी कॉलेजला मान्यता आहे का ते कौन्सिलच्या यादीत स्वतःच्या डोळ्यांनी बघा. दुसरी वाट मिडवाइफरीची, म्हणजे बाळंतपणाच्या कामाची. केंद्र सरकारनं २०१८ मध्ये त्याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या, प्रशिक्षण १८ महिन्यांचं. तेलंगणानं त्यात आघाडी घेतली, आणि नांदेडच्या पोरींना तेलंगणा काही परदेश नाही.

तिसरी वाट म्हणजे आमची. नावात नर्स प्रॅक्टिशनर नाही, पण रोजचं काम बघितलं तर तिच्या सगळ्यात जवळचं. २०१८ साली आयुष्मान भारत योजनेत उपकेंद्रांचं रूप बदलायचं ठरलं आणि तिथं एएनएम ताईंच्या, म्हणजे लसीकरण आणि बाळंतपणं बघणाऱ्या सिस्टरच्या, जोडीला एक जास्त शिकलेला माणूस बसवायचं ठरलं. २०२३ मध्ये या केंद्रांचं नाव 'आयुष्मान आरोग्य मंदिर' झालं. आमच्या गावात अजून 'दवाखाना'च म्हणतात, आणि म्हातारी माणसं 'सिस्टरचं घर'.

कागदपत्रं

हे चटकन. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी चालू ठेवा, दर ५ वर्षांनी नूतनीकरण असतं. सीएचओसाठी सहा महिन्यांचा सामुदायिक आरोग्याचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम लागतो, नव्या पदवीत तो आलेला असेल तर वेगळा नाही. भरती राष्ट्रीय आरोग्य अभियानातून, करारावर. आपल्या राज्यातल्या जाहिरातींत महिना २५,००० रुपये ठरलेले आणि कामावर आधारित १५,००० रुपयांपर्यंत, असं दिसत आलंय. त्या १५,००० मधले दर महिन्याला सगळे हातात पडतील असं धरून मोटारसायकलचा हप्ता बांधून घेऊ नका. मी बांधला होता.

पहिला महिना: गाव आणि सिस्टर

सपाटीवरच्या उपकेंद्राखाली साधारण ५,००० लोकसंख्या धरतात. म्हणजे एक मोठं गाव, दोन-तीन वाड्या, एखादा तांडा. पहिल्या महिन्यात आशाताईंबरोबर पायी फिरा. पाणी कुठून येतं, टँकर कधी येतो, किती घरांना दिवाळीनंतर कुलूप लागतं, गुटखा कोणत्या टपरीवर मिळतो, मिश्री लावणाऱ्या बाया किती. यातलं कुठल्याही सरकारी पोर्टलवर भरायचं नसतं. पुढं तीन वर्षं हेच उपयोगी पडतं.

त्याहून नाजूक विषय म्हणजे एएनएम सिस्टर. तुम्ही चोवीस वर्षांच्या, त्या वीस वर्षं नोकरी केलेल्या. त्यांनी गावातल्या अर्ध्या पोरांना डोस पाजलेत, निम्म्या सुनांची बाळंतपणं केलीत. आणि तुमच्या पाटीवर 'अधिकारी'. पहिल्या आठवड्यात मी खुर्ची बदलून घेतली, कारण माझी डुगडुगत होती. सिस्टर चार महिने माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. नंतर कळलं, मी घेतलेली खुर्ची त्यांनी स्वतःच्या पैशानं आणलेली. तेव्हा कुठलीही वस्तू हलवायच्या आधी विचारा. 'सिस्टर' म्हणा, 'ताई' म्हणा, पण पहिला प्रश्न त्यांना विचारा आणि पहिला चहा त्यांच्याबरोबर घ्या. पुढं थकव्यावर लिहिणार आहे, त्यातला अर्धा थकवा या एका नात्यावर ठरतो.

गाव तुम्हाला 'डॉक्टर मॅडम' म्हणू लागेल. ऐकायला बरं वाटतं. तरी दर वेळी सांगा, मी डॉक्टर नाही, नर्स आहे, डॉक्टर तिकडं पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात आहेत आणि मी त्यांच्याशी बोलून सांगते. याचा फायदा पहिल्यांदा कळतो तो कुणीतरी 'सलाईन लावा, अशक्तपणा आलाय' म्हणून हटून बसतं तेव्हा.

पेशंट समोर बसल्यावर

तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची यादी असते: बीपी, साखर, तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर. फॉर्म भरायचा, मशिन लावायचं, आकडा टाकायचा. काम वाढलं की माणूस आकड्यापुरता उरतो. आपल्याकडचा माणूस तर आधीच दुखणं अंगावर काढण्यात पटाईत. तो आकड्यापुरताच बोलेल. तुम्ही विचारलं नाही तर बाकीचं घरी घेऊन जाईल.

बीपी घेताना पाच मिनिटं शांत बसवा, त्याच्या आधी अर्धा तास तंबाखू नको, हे पुस्तकात आहे. मी ती पाच मिनिटं वापरते. कफ बांधायच्या आधी तीन गोष्टी विचारायच्या: घरी सध्या कोण कोण आहे, हाताला काम आहे का, रात्री झोप लागते का. मग गप्प बसायचं आणि बीपी घ्यायचं. वेगळा वेळ लागत नाही. पहिल्यांदा लोक 'हाय की सगळं बरं' म्हणतात. तिसऱ्या भेटीत बोलतात.

याची किंमत मला एका चुकीतून कळली. पन्नाशीची बाई, साखरेवर ग्लिमेपिराइड चालू. मी तिला दर महिन्याला बजावायची, गोळी चुकवायची नाही. तिनं चुकवली नाही. नवरात्रात नऊ दिवसांचे उपवास धरले, नुसतं पाणी आणि दोन घास भगर. चौथ्या दिवशी सोयाबीन काढताना घामाघूम होऊन रानातच आडवी झाली. बरोबरच्या बायकांनी साखर तोंडात घातली म्हणून निभावलं. तिनं देवीचंही ऐकलं होतं आणि माझंही. मीच सणवार विचारला नव्हता. त्या गोळीनं पोटात अन्न नसलं तरी साखर उतरते. आता घटस्थापनेच्या आधी पंधरा दिवस आणि रमजानच्या आधी महिनाभर मी साखरेच्या प्रत्येक पेशंटला विचारते, धरणार का? धरणार असतील तर रागवायचं नाही, मोडायला लावायचं नाही. डॉक्टरांशी बोलून डोस आणि वेळ बदलून घ्यायची. आणि खिशात गुळाचा खडा.

दुसरं उदाहरण ऊसतोडीचं. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून उचल घेतलेली, फेडल्याशिवाय सुटका नाही, खाडा पडला की पैसे कापतात. दिवाळीनंतर निघाले की गुढीपाडव्याच्या आगेमागे परत. आता अशा बाईनं येऊन सांगितलं की 'अंगावरून पांढरं जातंय, कंबर मोडून येते, पिशवीच काढून टाकावी म्हणते', तर तुमच्यासमोर नुसता जंतुसंसर्ग नाही. फडात न्हाणीघर नाही, पाळीत बदलायला आडोसा नाही, आणि दवाखान्याचा दिवस म्हणजे खाडा. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशवी काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून राज्यभर गदारोळ झाला, सरकारनं चौकशी समिती नेमली. तुमच्या ओसरीवर तो विषय असाच येईल, साध्या वाक्यात. उपचाराची सोय करा, स्त्रीरोगतज्ज्ञांकडं पाठवा, आणि घाई न करता सांगा की पांढरं जाणं हे पिशवी काढायचं कारण नाही, बहुतेक वेळा गोळ्यांनी बरं होतं. निघायच्या आधी ती कोणत्या कारखान्यावर चाललीय ते वहीत लिहून घ्या. बीपी-साखरेच्या गोळ्या जास्त दिवसांच्या देता येतील का, ते वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारून ठेवा. आभा क्रमांक, म्हणजे सरकारी आरोग्य खात्याचा नंबर, आणि चालू औषधांची चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिच्या हातात द्या. फडात कागद भिजतो.

तिसरा, बोलायला सगळ्यात अवघड. चाळिशीचा शेतकरी 'छातीत धडधड' घेऊन येतो. आधी ती छाती खरी धरा, ईसीजीला पाठवा. तो नीट आला तर पुन्हा बोलवा आणि सरळ विचारा: जीव नकोसा वाटतो का, स्वतःचं काही बरंवाईट करायचं मनात येतं का? असं विचारल्यानं ते डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडायचं नाही. घरातल्या एका भरवशाच्या माणसाला बोलवायचं, फवारणीचं औषध त्याच दिवशी दुसऱ्याच्या ताब्यात द्यायला लावायचं, डॉक्टरांना फोन करायचा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलतात. तुमच्यासमोरच लावून द्या. आणि कुणी औषध पिऊन आलंच तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका, बाटली बरोबर घ्या आणि १०८ ला, म्हणजे रुग्णवाहिकेला, फोन लावा.

ही दृष्टी काही आम्ही शोधली नाही. बीडच्या वेशीला लागून असलेल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्या, फारशा न शिकलेल्या बायकांना आरोग्याचं काम शिकवलं. तुळजापूर तालुक्यात अणदूरला डॉ. शशिकांत अहंकारी यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशननं गावोगावी 'भारतवैद्य' बाया उभ्या केल्या. एखाद्या सुट्टीच्या दिवशी दोन्हीकडं जाऊन या. जुन्या बाया भेटल्या तर त्यांच्या शेजारी बसा आणि त्या पेशंटशी बोलतात कशा, तेवढंच ऐका.

दोन रकाने

इथंच नवी पोर फसते. माणूस पुरता दिसायला लागला की त्याचं सगळंच आपल्याला दिसतं: कर्ज, दारू, सासू, पाणी, पोरीचं शिक्षण. आणि वाटतं, आता हे मीच बघायला हवं. पहिल्या वर्षी मी एका म्हातारीचं रेशन स्वतः भरत होते. मग दुसऱ्या म्हातारीलाही कळलं.

वहीत प्रत्येक अवघड पेशंटसमोर दोन रकाने आखा. डावीकडं 'माझं', उजवीकडं 'कुणाकडं'. माझं म्हणजे तपासणी, गोळ्या, पाठपुरावा, ऐकून घेणं. निदानाची शंका असेल तर पीएचसीचे वैद्यकीय अधिकारी किंवा ई-संजीवनी या ऑनलाइन सेवेवरचे डॉक्टर. निराधार म्हातारी असेल तर संजय गांधी निराधार योजना, म्हणजे तलाठी आणि तहसील. लेकराचं वजन कमी असेल तर अंगणवाडीताई. घरात मारहाण असेल तर महिला हेल्पलाइन १८१. पोरीचं लहान वयात लग्न ठरत असेल तर चाइल्डलाइन १०९८ आणि ग्रामसेवक. त्यात तुम्ही एकट्या पुढं होऊ नका, गावात राहायचंय. उजव्या रकान्यात माणसाचं नाव, फोन आणि तारीख लिहायची. नुसतं 'पाठवलं' लिहिलेलं चालत नाही. आठ दिवसांनी एक फोन करून विचारायचं, आली होती का? आली असेल तर ते ओझं तुमच्या डोक्यातून उतरलं.

डावा रकाना वाढत चालला की समजा, कुठंतरी चुकतंय.

कुलूप उघडावंसं वाटत नाही तेव्हा

हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञानं १९७४ मध्ये याला बर्नआउट हे नाव दिलं. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं त्याच्या तीन खुणा नोंदवल्या: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल मन उडणं किंवा कडवट होणं, आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. संघटनेनं त्याला आजार म्हटलेलं नाही. न आवरलेल्या कामाच्या ताणातून येणारी अवस्था म्हटलंय. म्हणजे दोष कामाच्या रचनेतही असतो, हे आधी स्वतःला सांगा. नुसता प्राणायाम करून पोर्टलवरच्या नोंदी कमी होत नाहीत.

माझ्या बाबतीत खूण वेगळीच निघाली. बाहेर मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला की मनात यायचं, पुढं जाऊ दे, माझ्याकडं नको. मग एक दिवस मी एका आजीला म्हणाले, 'तुमचं रोजचंच आहे.' आजी काही बोलल्या नाहीत, पिशवी उचलून गेल्या. त्या संध्याकाळी मी नोंदी केल्या नाहीत.

तेव्हापासून काही गोष्टी ठरवून टाकल्या. आमच्याकडं रेंज फक्त गच्चीवर येते, आणि पूर्वी प्रत्येक पेशंटमागे मी जिना चढायची. आता दिवसभर कागदावर, साडेतीनला एकदाच वर. त्या वेळी सिस्टर पेशंट बघतात. त्यांच्या लसीकरणाच्या दिवशी मी त्यांच्या नोंदी करते. हे आम्ही चहावर ठरवलं, आदेशानं नाही. रात्री आठनंतर फोन फक्त बाळंतपण, साप-विंचू आणि छातीचं दुखणं एवढ्यासाठी, आणि हे उपकेंद्राच्या भिंतीवर लिहिलेलं आहे, १०८ च्या नंबरसकट. पहिला महिना लोक कुरकुरले. सरपंचांना आधी सांगितलं होतं म्हणून निभावलं.

तालुक्यातल्या पाच सीएचओ महिन्याला एकदा बैठकीनंतर एका हॉटेलात बसतो. नियम एकच, पोर्टलचा विषय काढायचा नाही. महिनाभरात मनाला लागलेला एक पेशंट प्रत्येकीनं सांगायचा, नाव न घेता. सल्ला मागितला तरच द्यायचा. आमच्यातल्या सुशीलाच्या डाव्या रकान्यातलं काय उजवीकडं टाकता येईल, हे तिला दिसत नाही, मला दिसतं. माझं तिला दिसतं.

आणि स्वतःचं बीपी. आम्ही पाचजणींनी पहिल्यांदा एकमेकींचं मोजलं तेव्हा दोघींचं वाढलेलं निघालं. एकीचं हिमोग्लोबिन तिच्या गरोदर पेशंटपेक्षा कमी. दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, रडू येतं, असं असेल तर तो थकवा म्हणून अंगावर काढू नका. १४४१६ तुमच्यासाठीही आहे. ओळखीचं कुणी भेटेल याची लाज वाटत असेल तर शेजारच्या जिल्ह्यातल्या डॉक्टरांकडं जा, पण जा.

लक्ष्य पुरं झालं नाही म्हणून वरून बोलणी बसतात. ती चुकत नाहीत. कारण लेखी कळवा: दीडशे घरं ऊसतोडीला गेलीत, कुलपांची यादी सोबत जोडली आहे. पहिल्या महिन्यातली पायपीट इथं कामाला येते.

रजेवर जाताना, किंवा कायमचं

रजा घ्या. आणि घेताना दहा पेशंटची यादी सिस्टरच्या हातात द्या, फक्त दहा, ज्यांच्याकडं या आठवड्यात बघायलाच हवं. बदली झाली किंवा दुसरी नोकरी लागली तर हीच यादी थोडी मोठी करून पुढच्या मुलीसाठी ठेवा: कोण उपवास धरतं, कोण कोणत्या कारखान्यावर जातं, कुणाच्या घरी फवारणीचं औषध शेजाऱ्याकडं ठेवलंय. वही उपकेंद्राच्या कपाटात कुलपात ठेवायची, घरी न्यायची नाही, त्यात लोकांचं खाजगी आहे. किल्लीचा दुसरा जोड कुणाकडं असतो ते नव्या मुलीला तोंडी सांगा. आणि हो, खुर्ची कुणाची आहे तेही.